जगाच्या रेकॉर्डबुकात मोवाड कुठं आहे?

लोधीखेडा (प्रतिनिधी) : अमेरिकेतल्या टेक्सासची बातमी तुमच्याही मोबाईलवर आली असेल. ४ जुलै २०२५ च्या पहाटे तिथली ग्वाडालूप नदी पाऊण तासात जवळपास २६ फूट चढली. काठावर मुलींचा उन्हाळी कॅम्प होता, सुट्टीचा दिवस म्हणून तंबू टाकून राहिलेली कुटुंबं होती. १३० हून जास्त माणसं गेली. हवामान खात्यानं रात्री १ वाजून १४ मिनिटांनी पुराचा इशारा काढला होता. पण रात्री सव्वाला इशारा निघाला तर तो वाचणार कोण? नदीकाठी भोंगे बसवायचा विषय त्या काउंटीत काही वर्षांपूर्वी निघाला होता. पैसे कुठून आणायचे, या प्रश्नावर तो मागं पडला.

ही बातमी वाचून आपल्याकडच्या पन्नाशीपुढच्या लोकांच्या तोंडी एकच नाव आलं : मोवाड.

३० जुलै २०२५ ला मोवाडच्या पुराला ३४ वर्षं झाली. १९९१ साली त्या दिवशी वर्धा नदीच्या पुरात नरखेड तालुक्यातलं हे गाव उद्ध्वस्त झालं आणि २०४ माणसं गेली. मोवाड पांढुर्ण्याहून लांब नाही. आपल्या दोन्ही तहसिलींतल्या कितीतरी घरांची तिकडं सोयरिक आहे. गाव पुन्हा वसवलं गेलं आणि दरवर्षी त्या दिवशी तिथं श्रद्धांजली वाहतात. नागपूर-अमरावतीच्या पेपरात दोन कॉलमची बातमी येते. भोपाळच्या पेपरात तीही येत नाही, कारण भोपाळच्या लेखी ती महाराष्ट्रातली घटना आहे.

आता वर्धा नदी कुठून येते ते बघा. तिचा उगम आपल्याच राज्यात, बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या डोंगराळ पट्ट्यात आहे. त्याच मुलताईला तापीही उगम पावते. एक पश्चिमेला गुजरातकडं जाते, दुसरी खाली विदर्भात उतरते. म्हणजे सातपुड्यावर पडणारा पाऊस मध्य प्रदेशच्या वहीत लिहिला जातो आणि त्यानं आलेला पूर महाराष्ट्राच्या वहीत. १९९१ ला इकडं पटवांचं सरकार होतं, तिकडं सुधाकरराव नाईकांचं. नदीला कुठं माहीत होतं?

जगातल्या मोठमोठ्या हवामान आपत्त्यांच्या याद्या इंटरनेटवर पुष्कळ फिरतात. सर्वांत जास्त पाऊस, सर्वांत मोठी गार, सर्वांत जास्त उष्मा. पोरं सामान्य ज्ञानासाठी पाठ करतात, भरतीच्या परीक्षेत विचारतात. मी बी.कॉम. वाला माणूस. आकडा दिसला की तो कोणत्या वहीतून उचलला हे आधी बघायची सवय लागली आहे. या याद्या तशा बघितल्या तर आपल्या भागासाठी त्यात बरंच काही सापडतं.

मोजलं ते रेकॉर्ड

चोवीस तासांत सर्वांत जास्त पावसाचा जागतिक विक्रम रियुनियन बेटावरच्या फोक-फोक या ठिकाणाचा. ७ आणि ८ जानेवारी १९६६ ला चक्रीवादळात तिथं १,८२५ मिलीमीटर पाऊस पडला. आपल्याकडं चांगल्या पावसाळ्यात चार महिन्यांत जेवढा पडतो त्याहून कितीतरी जास्त, एका दिवसात. रियुनियन म्हणजे मॉरिशसचं शेजारी बेट. मॉरिशसला आपली मराठी माणसं दीडशे वर्षांहून जास्त काळ राहतात. २९ एप्रिल १८९२ च्या वादळात त्या बेटावर बाराशेच्या आसपास माणसं मेली होती, तेव्हाही ती तिथं उसाच्या मळ्यांत होती.

बारा महिन्यांत सर्वांत जास्त पावसाचा विक्रम आपल्या देशाचा आहे. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या वर्षात चेरापुंजीला २६,४७० मिलीमीटर. दोन दिवसांचा विक्रमही चेरापुंजीचाच, १५-१६ जून १९९५ ला २,४९३ मिलीमीटर.

आता विचार करा, १८६० साली चेरापुंजीचा पाऊस मोजला कोणी? इंग्रजांनी, कारण तिथं त्यांचं ठाणं होतं. ठाणं नसतं तर पाऊस तेवढाच पडला असता आणि जगाला पत्ता लागला नसता. सातपुड्यात त्या शंभर-दीडशे वर्षांत काय काय पडून गेलं असेल ते देवाला ठाऊक. रेकॉर्डमध्ये यायला आधी मोजणारा माणूस लागतो, त्याच्याजवळ धड यंत्र लागतं आणि ते यंत्र नेमक्या जागी असावं लागतं.

जागा किती महत्त्वाची, त्याचं उदाहरण मुंबईनं दिलं. २६ जुलै २०२५ ला त्या पावसाला वीस वर्षं झाली. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच मुंबईत, पंचवीस-तीस किलोमीटरवर असलेल्या कुलाब्याला जेमतेम ७४ मिलीमीटर. समजा त्या शहरात फक्त कुलाब्यालाच पर्जन्यमापक असतं, तर सरकारी कागदावर त्या दिवशी 'मध्यम ते जोरदार पाऊस' एवढंच लिहिलं गेलं असतं आणि उपनगरं मात्र बुडाली असती.

आपल्याकडं हीच स्थिती आहे. तहसील ठिकाणी पर्जन्यमापक असतं, सकाळी त्याचा आकडा घेतात आणि तोच आकडा सगळ्या तहसिलीला लागतो. गावात रात्री एका तासात आभाळ कोसळलं तरी सकाळच्या आकड्यात ते चोवीस तासांवर पसरून जातं. खात्याच्या भाषेत एका तासात १०० मिलीमीटर किंवा त्याहून जास्त, तेही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या छोट्या भागात पडलं तर ढगफुटी. आपल्याकडं कुठंही नाला फुगला की 'ढगफुटी'चे मेसेज सुरू होतात हे खरंच. पण दुसरी बाजूही बघा. तासाचा हिशोब ठेवणारं यंत्रच जवळपास नसेल, तर खरी ढगफुटी झालेली सिद्ध करायची कशी?

हिशोबाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलीमीटर पाऊस पडला तर १० कोटी लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. डोंगरातल्या नाल्याचं पाणलोट क्षेत्र वीस-पंचवीस चौरस किलोमीटर धरलं आणि जमीन आधीच भिजून तुडुंब असली, तर ते सगळे टँकर एकाच वेळी एकाच उतारावरून खाली सोडल्यासारखं होतं. जुलैच्या शेवटी नेमकं हेच होतं. जमिनीची तहान भागलेली असते, पाणी मुरायला जागा नसते. मोवाड ३० जुलै १९९१. पुणे जिल्ह्यात माळीण गावावर डोंगर आला ती तारीख ३० जुलै २०१४, दीडशेवर माणसं गाडली गेली. केरळात वायनाडला दरडी कोसळल्या त्या ३० जुलै २०२४ ला, अडीचशेहून जास्त बळी. काही जण यात पंचांग शोधतात. पंचांगाची गरज नाही. महिना-दीड महिना मुरलेला पाऊस आणि वरून एका रात्रीचा धो-धो पाऊस, एवढं कारण पुरतं.

छप्पन डिग्रीचं नागपूर

यंत्र चुकलं तर काय होतं, ते आपण २०२४ मध्ये पाहिलं. ३० मे २०२४ ला नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं. सौंसरच्या बसस्टँडपासून ते दुबईतल्या आपल्या पोरांच्या ग्रुपपर्यंत तो स्क्रीनशॉट फिरला. त्याच्या आदल्या दिवशी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रानं ५२.९ दाखवलं होतं. दोन्ही ठिकाणी हवामान विभागानं तपासणी केली आणि सेन्सरचा दोष असल्याचं जाहीर केलं. देशाचा मान्य उच्चांक अजूनही राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा ५१ अंश. जगाचा कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ चा ५६.७. म्हणजे ते केंद्र खरं असतं तर नागपूर जगाच्या उच्चांकाला टेकलं असतं. एवढं एका वाक्यात कळतं, तरी बातम्या झाल्याच.

पण चूक फक्त आपल्याच इथं होते असं समजू नका. लिबियातल्या अल-अझिझियाचा ५८ अंश हा १९२२ चा आकडा जगानं नव्वद वर्षं उच्चांक म्हणून मानला. आमच्या शाळेच्या पुस्तकातही तोच होता. २०१२ ला जागतिक हवामान संघटनेनं जुन्या नोंदवह्या काढून बघितल्या. नोंद करणारा नवखा होता आणि त्यानं तापमापक चुकीचं वाचलं असावं, असा निष्कर्ष निघाला आणि विक्रम रद्द झाला. नव्वद वर्षांनी का होईना, वही कुणीतरी उघडून पाहिली हे महत्त्वाचं. आमच्याकडं तहसिलीच्या पावसाच्या जुन्या वह्या अशा कोणी उघडून बघेल का?

गार आणि संत्रा

आता आपल्या भाकरीचा विषय. गारपिटीत सर्वांत जास्त माणसं मेल्याचा जागतिक विक्रम भारताचा आहे. ३० एप्रिल १८८८ ला उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद भागात २४६ माणसं गारांच्या मारानं गेली, शेळ्या-मेंढ्या वेगळ्या. सर्वांत जड गार बांगलादेशात गोपालगंजला पडली, १४ एप्रिल १९८६ ला, वजन १.०२ किलो. एक किलोची गार म्हणजे काय हे शहरी माणसाला सांगावं लागतं. आपल्याला आवळ्याएवढी पडली तरी पुरते.

संत्र्याला गारपीट इतकी का झोंबते, हे बागेबाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून थोडं विस्तारानं लिहितो. आपल्याकडं दोन बहार. अंबियाचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत येतो आणि ती फळं पुढच्या नोव्हेंबरच्या आसपास तुटतात. मृगाचा फुलोरा जून-जुलैत येतो आणि ती फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटायला येतात. म्हणजे फेब्रुवारी-मार्च हा असा काळ, की कुणाच्या झाडावर तयार माल लटकलेला असतो आणि कुणाच्या झाडावर पुढच्या हंगामाचं फूल. नेमकी तेव्हाच गार पडते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात लाखो हेक्टरचं नुकसान झालं, ते कित्येकांच्या लक्षात असेल. दहा मिनिटांची गार आणि दोन हंगामांचा फटका. झाडाच्या सालीला जखम झाली तर त्यातून रोग शिरतो, तो हिशोब तिसराच. गहू झोपला तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतो, पण संत्र्याचं झाड फळावर यायला पाच-सहा वर्षं जातात.

आणि मग सुरू होतो कागदाचा खेळ. एकाच शिवेवरच्या दोन बागा घ्या, एक सौंसर तहसिलीत, दुसरी नरखेड-सावनेरच्या अंगाला. गार दोन्हीकडं तीच, झाड तेच, व्यापारी तोच, आणि माल दिल्लीला जातो तो 'नागपुरी' म्हणूनच. पण इकडं पटवारी येणार, आरबीसी ६-४ प्रमाणं सर्वे करणार. तिकडं तलाठी येणार (आता त्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, लोक अजून तलाठीच म्हणतात) आणि पंचनामा करणार. टक्केवारी वेगळी, दर वेगळे, पैसे यायची तारीख वेगळी. लग्नकार्यात दोन्हीकडचे साडू-मेहुणे भेटले की पहिला विषय हाच निघतो.

फळपीक विम्याचं तर सगळं हवामान केंद्राच्या आकड्यावर चालतं. ठरलेल्या तारखांच्या आत पाऊस किंवा तापमान ठरलेल्या आकड्याच्या पुढं गेलं तर भरपाई, नाहीतर नाही. तुमच्या बागेत काय झालं हे विमा कंपनी बघत नाही, केंद्रानं काय नोंदवलं ते बघते. महाराष्ट्रानं 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं उभी केली, ती मुख्यतः याचसाठी. त्या केंद्रांबद्दलही तक्रारी आहेत, आता मंडळाऐवजी ग्रामपंचायतीपर्यंत केंद्र पाहिजे अशी मागणी आहे, पण निदान भांडायला आकडा तरी आहे. सांताक्रूझ-कुलाब्याची गोष्ट इथं पुन्हा आठवा. केंद्र कुलाब्याला आणि बाग सांताक्रूझला, अशी ज्याची गत झाली त्याचा हप्ता गेला आणि बहारही गेला. गारपिटीची सूचना मात्र ७२ तासांत स्वतः द्यावी लागते. नेट नसलेल्या शिवारात, ऐन तोडणीच्या धांदलीत, ते ७२ तास कसे निघून जातात ते बागायतदारालाच विचारा.

विजेचा विषय थोडक्यात. एका झटक्यात सर्वांत जास्त माणसं गेल्याची नोंद आजच्या झिम्बाब्वेची आहे. १९७५ साली पावसापासून आडोसा म्हणून एका झोपडीत शिरलेली २१ माणसं एकदम गेली. आपलं राज्य वीज पडून होणाऱ्या मृत्यूंत देशात कायम वरच्या क्रमांकावर असतं, आणि इथंही कारण तेच : झाडाखाली, मळ्यातल्या खोपटात घेतलेला आडोसा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजेची सूचना देतं, फुकट आहे. निंदायला जाणाऱ्या बायांच्या टोळीत एकीच्या मोबाईलवर तरी ते असावं.

फुटणारे बांध

जगातल्या सगळ्यात भयंकर पुरांची यादी बघितली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. नुसता पाऊस माणसांना एवढ्या संख्येनं मारत नाही. पाऊस आणि फुटलेलं धरण मिळून मारतात. चीनमध्ये ऑगस्ट १९७५ ला वादळाच्या पावसात बानचियाओसह ६२ धरणं फुटली. मृतांचा कमीत कमी अंदाज २६ हजार, जास्तीत जास्त दीड-पावणेदोन लाखांवर. ती बातमी त्या सरकारनं कित्येक वर्षं दाबून ठेवली. आपल्या देशात ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातच्या मोरबीवर मच्छू-२ धरण फुटून आलं. किती गेले याचे अंदाज दोन हजारांपासून वीस हजारांच्या पुढंपर्यंत जातात, म्हणजे मेलेली माणसंही कुणी नीट मोजली नाहीत. पुण्याचं पानशेत १२ जुलै १९६१ चं. कोकणात तिवरे धरण २ जुलै २०१९ ला रात्री फुटलं, गळतीच्या तक्रारी गावानं आधीच केल्या होत्या. लिबियाच्या डेर्ना शहरात सप्टेंबर २०२३ ला दोन जुनी धरणं फुटून हजारो लोक समुद्रात वाहून गेले, आणि तिथल्याच एका अभ्यासकानं आदल्या वर्षी धोक्याचा लेख छापला होता.

यात मला सगळ्यात जास्त पटतं ते आपल्याच राज्यातलं उदाहरण, कारण त्यात कुणी मेलं नाही. ऑगस्ट २०२२ ला धार जिल्ह्यात कारम नदीवरचं बांधकाम चालू असलेलं धरण पाझरायला लागलं. १८ गावं रिकामी केली, बाजूनं चर खोदून पाणी सोडलं. बांधकामाच्या दर्जावर जे व्हायचं ते राजकारण झालं, पण माणसं वाचली. न फुटलेल्या धरणाची गोष्ट याद्यांमध्ये येत नाही. ओडिशाचंही तसंच. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं दहा हजारांच्या आसपास लोक गेले, २०१३ च्या फायलिनमध्ये पन्नासच्या आत. वाऱ्याचा जोर फार कमी नव्हता. लोकांना आधी हलवलं होतं. उलट, १९७० च्या भोला चक्रीवादळात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात तीन लाख माणसं गेली, वादळ येतंय हे माहीत असूनही.

श्रीमंत देशाला तरी हे जमतं का? स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला २९ ऑक्टोबर २०२४ ला हवामान खात्यानं सकाळीच लाल इशारा दिला होता. लोकांच्या मोबाईलवर सरकारी अलर्ट वाजला तो रात्री आठच्या पुढं. तोवर गाड्या पाण्यात गेल्या होत्या. सव्वादोनशेच्या आसपास बळी. तिथले लोक महिनोन्‌महिने मोर्चे काढत होते.

आपल्या शिवेवरचा प्रश्न

आपल्या भागात मोठी धरणं मोजकी आहेत, पण छोटे तलाव, स्टॉपडॅम, पाझर तलाव भरपूर. त्यातले किती तलाव किती जुने आहेत, सांडव्यावर झुडपं वाढलीत का, भिंतीला उंदीर-घुशींनी पोखरलंय का, याची यादी जिल्हा कार्यालयात पावसाळ्याआधी लावायला पैसे लागत नाहीत. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा नवा जिल्हा झाला तेव्हा आपण ढोल वाजवले, बरोबर केलं. कलेक्टर छिंदवाड्याला बसायचे, आता पांढुर्ण्याला बसतात. मग आपत्तीचा आराखडाही छिंदवाड्याच्या फाईलीतून कापून आणलेला नसावा. आपल्या नद्यांचा, आपल्या नाल्यांचा वेगळा असावा.

खरा गुंता आहे राज्याच्या सीमेचा. ऑगस्ट २०२० चा शेवटचा आठवडा आठवा. २७ ते २९ तारखेला छिंदवाडा जिल्ह्यात जबरदस्त पाऊस झाला. पुरात खडकावर अडकलेल्या एका माणसाला काढायला हवाई दलाचं हेलिकॉप्टर आलं होतं. चौरईच्या माचागोरा धरणाचं पाणी पेंचमधून तोतलाडोहला, तिथून नवेगाव खैरीला, पुढं कन्हानला आणि कन्हानचं वैनगंगेला. भंडारा शहरात पाणी शिरलं, गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले, गडचिरोलीपर्यंत पूर गेला. नंतर वाद झाला तो पूर्वसूचनेचा : मध्य प्रदेशनं वेळेवर कळवलं का, महाराष्ट्रानं वेळेवर ऐकलं का. गंमत अशी, की त्याच्या आदल्याच वर्षी, २०१९ च्या जुलैत, नागपूरला एक दिवसाआड पाणी मिळत होतं आणि तेव्हा ओरड होती की चौरईनं आमचं पाणी अडवलं. एका वर्षी पाणी अडवलं म्हणून भांडण, दुसऱ्या वर्षी सोडलं म्हणून.

१० मे २०२५ ला भोपाळला दोन्ही मुख्यमंत्र्यांनी तापी मेगा रिचार्ज प्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या. आंतरराज्य नियंत्रण मंडळाची बैठक कित्येक वर्षांनी झाली. आपल्या कन्हानवरच्या जामघाट प्रकल्पाचं बोलणंही पुन्हा निघालं आहे. नागपूरला पाणी, आपल्याला सिंचन. चांगलं आहे, आणि बुडीतात जाणाऱ्या गावांचं काय हा प्रश्न वेगळा लिहायचा विषय आहे. पण पाण्याच्या वाटणीला जसं मंडळ आहे, करार आहे, टीएमसीचे आकडे आहेत, तसं पुराच्या सूचनेला काय आहे? माझ्या मते प्रत्येक वाटप कराराला एक पान जोडलं पाहिजे : कोणत्या पातळीला कोणत्या धरणावरून कोणी कोणाला, किती मिनिटांत, कोणत्या भाषेत कळवायचं. भाषा मुद्दाम म्हणतो. आपल्याकडं सूचना हिंदीत निघते, पंधरा किलोमीटरवर ती मराठीत लागते, आणि दोन्हींत 'इतके क्युमेक्स विसर्ग' लिहिलेलं असतं. क्युमेक्स म्हणजे काय हे काठावरच्या ढीमर बांधवाला कोण समजावणार? त्याला सांगा, पाणी मंदिराच्या कितव्या पायरीला लागेल आणि किती वाजता. जुन्या पुराची खूण ज्या गावात भिंतीवर आहे, तिथं त्या खुणेच्या हिशोबानं सांगता येतं. खूण नसेल तर म्हाताऱ्यांना विचारून ती आताच रंगवून घ्यावी, विचारायला माणसं आहेत तोवर.

आणखी एक, जे कुणी बोलत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला पांढुर्ण्यात जामेच्या पात्रात आणि काठांवर हजारो माणसं असतात. दरवर्षी चर्चा होते ती दगडांची, जखमींची, ॲम्ब्युलन्सची, आणि ती झालीच पाहिजे. पोळा येतो ऐन पावसाळ्यात. वरच्या अंगाला दोन तास पाऊस झाला तर जामेला किती वेळात पाणी येतं? दोन्ही काठांवरची गर्दी किती मिनिटांत बाहेर निघते? बंदोबस्ताच्या बैठकीत हे दोन आकडे विचारले जावेत. पुलाच्या वर, नदीच्या वळणावर एक होमगार्ड वायरलेस घेऊन उभा केला तरी बरंच काम होतं.

जुलै २०२५ मध्ये ८ आणि ९ तारखेला नागपूरला पावसानं झोडपलं, शाळांना सुट्टी द्यावी लागली. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नाग नदी घराघरांत शिरली, तीही शंभर मिलीमीटरच्या थोड्या वरच्या पावसानं. चेरापुंजीच्या मानानं हे काहीच नाही. जागतिक यादीत त्याला जागा मिळणार नाही. मोवाडलाही नाही, कारण त्या याद्यांत सर्वांत मोठा आकडा घेतात आणि २०४ हा जगाच्या हिशोबात लहान आकडा आहे.

३० जुलैला मोवाडला जाणाऱ्यांनी वरुड-नरखेड रस्त्यांची स्थिती बघूनच निघावं. वर्धेकाठचे नाले पावसात अचानक चढतात, आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर मोटरसायकल घालू नये.